इनास तांडेलाचा चढा विमा

ठाण्याच्या चेंदणी बंदरावर गलबत चालवणाऱ्या इनास तांडेलाला ओळखत नाही असा माणूस विरळाच. आगगाडी येऊन कितीतरी वर्षं लोटली होती, तरी कल्याणचे काही व्यापारी तांदूळ मुंबईला धाडायचे ते इनासच्याच गलबतातून. भाडं कमी पडायचं, आणि त्याच्या हातून पोतं कधी भिजलं नव्हतं. गलबत त्याच्या बापाने बांधलेलं. आईने त्याचं नाव ठेवलेलं, कार्मेल.

नाताळ तोंडावर आलेला. घोडबंदरच्या खाडीत सकाळचं दाट धुकं उतरलेलं, म्हणून इनासने कार्मेल काठाशी नांगरली होती. डोलकाठीला कंदील टांगलेला, आणि खलाशी विश्राम मधूनमधून घंटा वाजवत होता. आजूबाजूला आणखीही गलबतं थांबली होती. पण धुक्यातून एक आगबोट आली ती नेमकी कार्मेलच्या कुशीत घुसली. माणसं वाचली. तांदूळ भिजला.

ठाण्यात चौकशी झाली. गोऱ्या साहेबाने दोष आगबोटीच्या कप्तानावर ठेवला आणि दुभाष्याकडून इनासला सांगितलं, तुझी काही चूक नाही. आगबोटवाल्यांनी फळ्या बदलून दिल्या, भिजल्या मालाचे पैसे भरले. त्या दिवशी इनासच्या बायकोने, सेसिलियाने, आंबवलेल्या पिठाचे गोड फुगे तळून शेजारीपाजारी वाटले. संकट आलं तसं गेलं, असं दोघांनाही वाटलं.

पण इनास कल्याणला माल भरायला गेला, तर एकही हातगाडी त्याच्याकडे वळेना. शेवटी एका ओळखीच्या व्यापाऱ्याने त्याला बाजूला घेतलं. "दौलतशेटना भेट. तुझ्या गलबतात घातलेल्या मालाचा विमा त्यांनी चढवलाय. आम्हाला परवडत नाही रे."

दौलतशेट कल्याणच्या बंदरावरच्या पेढीत बसून गलबतांतल्या मालाचे विमे उतरवायचा. माणूस वाईट नव्हता. इनासला त्याने बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"शेट, माजी चूक नाय," इनास म्हणाला. "साहेबानेच तसं सांगितलेलं."

"ठाऊक आहे मला. चूक कोणाची ते साहेबाने बघितलं. पुढचा माल कोणाच्या गलबतात बुडेल, ते मला बघायचंय."

"मी नांगर टाकून उभा होतो. आनखी धा गलबतं उभी होती."

"आणि धडक तुलाच बसली," शेट शांतपणे म्हणाला. "इनास, एकदा अपघात झालेल्या माणसाला पुन्हा होतो, असा आमचा आडाखा आहे. खरा-खोटा देव जाणे. पण माझ्या मागे ज्यांचा पैसा आहे, ते तुझं नाव ऐकलं की नको म्हणून मान हलवतात."

इनासने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि तो उठला. भांडावं तर शेट भांडत नव्हता.

थोडे दिवस त्याने मिठाच्या खेपा केल्या, त्यात पोट भरेना. तेव्हा शेटनेच निरोप धाडला. कार्मेलवर तांडेल म्हणून विश्रामचं नाव लागलं, आणि इनास गलबतावर पाय ठेवणार नसला, तर विमा पहिल्यासारखा. म्हणजे गलबताला कोणी नावं ठेवत नव्हतं. खोट निघाली ती इनासमध्ये.

विश्राम ऐकेना. "तांडेल, मी तुमच्या जाग्यावर नाय बसनार."

"बस. नायतर तिचं लाकूड कुजंल," इनास म्हणाला, आणि सुकाणूचा दांडा त्याने स्वतःच विश्रामच्या हातात दिला.

त्यानंतर इनास काठावरचा झाला. दुसऱ्यांच्या गलबतांच्या फटींत कापूस ठोकायचा, वर राळ फासायची, हे त्याचं काम. हातोडी चालायची, पण लक्ष पाण्याकडे. भरतीच्या वेळी घरात असला तर जेवता जेवता त्याचा हात थांबायचा. कार्मेलचं शीड वळणावर दिसलं की तो उठून उभा राहायचा आणि वाऱ्याकडे तोंड करून पुटपुटायचा, "आता दोर सोड... जरा सोड." सेसिलिया दारातून बघायची. एकदा ती म्हणाली, "वसईला माज्या भावाकडं जाव. तिथं शेती हाय." तो म्हणाला, "शेतातनं खाडी दिसते काय?" तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तळ्याकाठच्या चर्चमध्ये तो गुडघे टेकायचा, तेव्हा तो काय मागतो हे तिला विचारावं लागत नव्हतं.

असे पाच-सहा पावसाळे गेले. दौलतशेट थकला, पेढी त्याच्या पुतण्याकडे आली. पुतण्याला जुन्या धडकेचं काही नव्हतं. विश्रामने शब्द टाकला आणि इनासचा दर बाकीच्यांसारखा झाला. ही बातमी घेऊन विश्राम धावतच चेंदणीला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला कार्मेल कल्याणकडे निघाली. सुकाणूवर इनास. दांडा हाताला तसाच लागला, थोडा जास्तच गुळगुळीत. पारसिकचा डोंगर जवळ आला. वारा मागून होता. इनासने सवयीने गलबत उजव्या काठाकडे घेतलं.

"तांडेल," विश्राम हळूच म्हणाला, "डावीकडनं घ्या. तिथं आता गाळ भरलाय."

"कवापासनं?"

"तीन सालं झाली. म्होरं मुंब्र्यालाबी वाट बदललीय. मी सांगतो."

मग विश्राम सांगत गेला आणि इनास वळवत गेला. जी वाट त्याने काठावर बसून रोज मनातल्या मनात कापली होती, ती या पाण्यात उरली नव्हती. कल्याणला व्यापाऱ्यांनी हात जोडले, कोणी विडा दिला. इनास हसला, चार शब्द बोलला.

घरी आल्यावर सेसिलियाने पान वाढलं. "मिळाला ना सुकाणूचा दांडा मनासारखा?" तिने विचारलं.

"मिळाला," तो म्हणाला. भात कालवायला घेतला. मग म्हणाला, "तांडेल विश्रामच बरा. मी शिडाशी बसन."

"मंग आता कशाची हुरहुर?"

"जुनी खाडी डोळ्यापुढनं जाय नाय गो."

सेसिलियाने त्याच्या भातावर आणखी थोडं कालवण घातलं. पुढच्या खेपेला विश्रामने सुकाणू धरलं, आणि इनास शिडाचा दोर हाताला गुंडाळून पुढे बसला, पाण्याकडे बघत.