न गिळलेला घोट

चहाच्या कारखान्यात सगळे त्याला नाकोबा म्हणत. समोर मांडलेल्या वाट्यांतला चमचाभर चहा फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, हीच त्याची आयुष्यभराची नोकरी. बायको म्हणायची, "थुंकायचा पगार घेणारा माणूस मी हा एकच पाहिला."

पण हल्ली त्या नाकानेच त्याची झोप उडवली होती. बायकोच्या काळजाची धडधड मध्येच बेताल व्हायची, म्हणून डॉक्टरांनी तिचा नेहमीचा चहा बंद केला. फार तर कॅफिन काढलेला घ्या, म्हणाले. नाकोबाने तसा डबा आणून दिला. तरी संध्याकाळी तिचा कप हळूच हुंगला की त्याला कळायचं. विसळलेल्या कपालाही नेहमीच्या कडक चहाचा वास! विचारावं तर भांडण, आणि भांडणाने धडधड वाढली तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

हा घोर घेऊनच तो कामावर जायचा. तिथे नेमकं कॅफिन काढलेला चहा सुधारायचं काम त्याच्याकडे आलं होतं. कॅफिन काढताना पानाचा सुवासही निघून जातो. म्हणून तो आधी वाफेने सुवास वेगळा धरून ठेवायचा आणि मग पान वाळलं की बेताबेताने परत चढवायचा. जास्त झाला की अत्तर, कमी झाला की सुकं गवत. अखेर एकदा असा जमला की साहेबही डोळे मिटून "वा!" म्हणाले.

तो चहा घरी आला. "छान झालाय हो," बायको म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी कपाला पुन्हा तोच कडक वास. त्याचा धीर सुटला.

"जिवाशी खेळतेस तू! माझं काय होईल, याचा विचार केलास?"

ती ओशाळली, मग चिडली. "वास छानच आहे. पण घोट खाली उतरला की घशाला काही कळतच नाही. तुम्ही कधी गिळलाय का तो?"

नाकोबाने तो खरंच गिळला नव्हता. दिवसभर चहा थुंकणारा माणूस, घरी आला की पाणीच प्यायचा. त्याने तिथेच कपभर पिऊन पाहिला. नाकाशी बाग फुलली होती आणि घशात कोमट पाणी. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग त्याने कॅफिन काढलेल्याच, पण जरा दणकट चवीच्या पानाची जोड देऊन पाहिली आणि प्रत्येक घोट गिळला. नाकोबाला घसा फुटला, म्हणून लोक हसले. त्याला मात्र हसू येत नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिला काही झालं नसेल ना, एवढंच मनात.

नवा चहा त्याने आणून दिला. दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर तिचा कप होता, न विसळलेला. त्याला हात लावायची हिंमत होईना.

"हुंगा की," ती मागून म्हणाली. "रोज चोरून हुंगता, मला काय माहीत नाही? आज मुद्दाम ठेवलाय."

त्याने कप नाकाशी नेला. त्याचाच चहा होता. तरी तिच्या धडधडीची भीती जाईना. तळाशी उरलेला थंड घोट त्याने तोंडात घेतला, सवयीने गाल फुगवले, आणि तिच्याकडे बघत गिळून टाकला.