लुगड्याचं वजन

"ए, तुही झोळी घरून आन. ह्या झोळीत टाकू नको तिले."

सिस्टरबाई बोलली, साऱ्या बायांसमोर. माही सुमी, सहा महिन्याची, उघडीच माह्या हातात. नव्वदच्या पुढची सालं. सेलूच्या बाजूचं आमचं गाव. महिन्यातून एकदा डॉक्टर येऊन शाळेच्या ओट्यावर लेकरं तपासत. खांबाले वजनाचा काटा टांगलेला, त्याले पांढरी झोळी. आमच्या वस्तीतलं लेकरू आलं का ती झोळी काढून ठेवत.

म्या मायचं लुगडं आनलं. नऊवारी, जाडंभरडं. त्याची झोळी करून सुमीले टांगलं. डॉक्टर खुर्चीवरूनच म्हणे, "कार्डावरच्या रेघेच्या वर आहे. चांगली आहे. पुढची घ्या."

हात नाई लावला. गावातल्या लेकरायचं पोट दाबून पाहे, गालाले हात लावून हसवे. माह्या पोरीले एकदाबी नाई.

चार महिने असंच. पोरगी वाळून राह्यली, अन् कार्डावर चांगली. म्या म्हटलं, "साहेब, दूध पीत नाई हो."

"कार्ड खोटं बोलतं का? तुम्हा लोकांची नुसती रड."

म्या येडी, कार्डावर भरोसा ठेवला. अन् एक दिवस सुमीनं मान टाकली. धावत सेलूच्या दवाखान्यात नेली. तिथं उघडी पोरगी तागडीत ठेवली. तिथली बाई एकदा काटा पाहे, एकदा कार्ड. मंग हळूच म्हणे, "बाई, तिकडं कपड्यासकट मोजत होते काय?"

तिसऱ्या दिवशी सुमी गेली.

पुढच्या तपासणीले मी गेली. कडेवर कोनी नाई. काट्याले रिकामं लुगडं टांगलं. काटा सरकला, पाऊण किलोवर थांबला.

"साहेब, पाहा. लिहा ना, चांगली हाये म्हणून."

डॉक्टरनं मान खाली घालून दुसरंच कार्ड उघडलं. सिस्टरबाई म्हणे, "काढ वं ते लुगडं."

काढलं. घरी येऊन तोंडात पदर कोंबून रडली. विटाळ त्यायच्या डोक्यात, अन् भोगला माह्या पोरीनं. काऊन? अजूनबी इचारतो मी, काऊन?

दोन सालानं धाकटी झाली. तिले घेऊन ओट्यावर गेली अन् कोनी बोलायच्या आत पांढऱ्या झोळीत टाकली.

"अवं, काय करून राह्यली?" सिस्टरबाई ओरडली.

"वजन. माह्या पोरीचं. लुगड्याचं नाई."

त्या दिवशी वस्तीतलं एकेक लेकरू म्या त्याच झोळीत टाकलं. आता डॉक्टर नवे येतात, काटे नवे येतात. मी काट्यापाशीच उभी राह्यतो. हात लावून पोट पाह्यल्याबिगर माह्या वस्तीतलं लेकरू मी पुढं सरकू देत नाई.