काठीचा मोजा

शिंपीणबाईंनी जन्मभर लोकांची मापं नुसत्या नजरेनं घेतली, पण स्वतःच्या पायांचा अंदाज काही त्यांना आला नाही. सत्तरीत गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरीण म्हणाली, "हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा." बाई दोनदा उठायला गेल्या, दोनदा धपकन बसल्या. "खुर्चीच बुटकी आहे," म्हणत त्यांनी खापर खुर्चीवर फोडलं. काठी घ्यावी लागली ती लागलीच.

जगाची लाज त्यांना नव्हती. लाज वाटायची फक्त आक्कासमोर. बाई तळमजल्यावर राहायच्या आणि थोरली बहीण, आक्का, तिसऱ्या मजल्यावर चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. बाई रोज चार वाजता वर जाऊन गल्लीतल्या बातम्या मीठमसाला लावून सांगायच्या. आक्का एकदा हसत म्हणाली होती, "मी तुझ्याच पायांनी फिरते गं." ते बाईंच्या काळजात रुतून बसलं. मग तिला काठी कुठल्या तोंडानं दाखवायची?

शिंपिणीला प्रत्येक दुखण्यावर कापडच सुचणार! काठीची ठकठक वर ऐकू जाऊ नये म्हणून बाईंनी टोकाचं रबर काढून फेकलं आणि तिथे अस्तराचा जाड मोजा शिवून चढवला. काठी आक्काच्या दाराबाहेर उभी करायची आणि भिंतीला हात लावत ताठ मानेनं आत शिरायचं.

"दमलीस का गं?" आक्का विचारायची.

"छे! उड्या मारत आले."

एका दुपारी जिन्यात मोजा सरकला. बाई चार पायऱ्या घसरत खाली आल्या, घोटा टम्म सुजला. "सर्दी झालीय, तुला लागेल," असा निरोप त्यांनी वर धाडला. अकराव्या दिवशी आक्का गेली. जिना चढणं शक्यच नव्हतं. बाईंना ती दिसली ती खाली आणल्यावर, स्वतःच्या दारातून, घटकाभर.

आठवड्यानं आक्काची सून खाली आली. तिच्या हातात काठीचं नवं रबर होतं.

"मावशी, हे तुमचं. आईंनी महिन्यापूर्वीच आणवलं होतं."

"तिला काय ठाऊक काठीचं?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. काठी भिंतीला टेकवलीत की आवाज व्हायचा ना. तुम्ही आत गप्पा मारत होतात, तेव्हा मला बाहेर पाठवून टोकाचं माप घ्यायला लावलं. म्हणाल्या, कापड घसरेल, पडेल वेडी."

"मग दिलं का नाहीस गं?"

सुनेनं मान खाली घातली. "त्यांनीच अडवलं. म्हणाल्या, आत्ता दिलंस तर लाजेल आणि यायचीच बंद होईल. आपणहून काठी घेऊन आत आली, की दे."

बाईंनी कात्री घेऊन मोज्याचे टाके उसवले. रबर टोकावर घट्ट बसलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या त्या बाईला हुंदका आवरेना.

"मापात बसलं गं आक्का," त्या छताकडे बघत म्हणाल्या.

चार वाजून गेले होते, आणि आता कुठेच जायचं नव्हतं.