मल्हार पैलवानाची पाठ

साईराज गंमत करायला गेला आणि खांदा निखळवून घेऊन आला. घडलं ते एवढंच, पण बातमी वेशीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा मुडदा पडला होता.

तालमीत सकाळची लढत चालली होती. साईराजनं मागून मल्हारला मिठी घातली आणि त्याची पकड सटकली. हात बघितले तर बोटांना पू आणि रक्त. मल्हारची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लालभडक फोडांनी भरली होती, त्यातले चार साईराजच्या पकडीत फुटले होते.

"आयला मल्हाऱ्या, ही पाठ हाय का तुरीचं श्येत? धरावं कुठं मानसानं?"

पोरं हसली. एरवी मल्हारही हसला असता. साईराज त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. पण त्या दिवशी त्याच्या कानात घण बसल्यासारखं झालं. त्यानं साईराजचा हात धरला, मागं पिळला आणि त्याला मातीत पाडलं. साईराज ओरडला, मातीवर थाप मारून सुटका मागू लागला. खांद्यातून कट्कन आवाज आला. तरी मल्हारनं सोडलं नाही. ज्ञानू वस्तादांनी त्याच्या नडगीवर काठी हाणली तेव्हा कुठं पंजा उघडला.

वस्तादांनी सगळ्यांसमोर त्याची आईबहीण काढली. मग पोरं साईराजला उचलून नेत होती तेव्हा ते मल्हारच्या कानात हळूच म्हणाले, "रग फुटलीया गड्यात. ह्या फोडांतनं ताकद उतू चाललीया. ह्या साली कुंडलचं मैदान आपलं."

मल्हार मूळचा असा नव्हता. तासगावच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातलं हे धनगराचं घर. बाप आकाराम एके काळी मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत उतरायचा. आता थोडी द्राक्षबाग, परड्यात दहाबारा मेंढरं. मल्हार गावजेवणात वाढायला उभा राहिला की आधी म्हाताऱ्यांच्या पंगतीकडं जायचा, त्यांचे दात बघून भाकरी कुस्करून द्यायचा. कुस्ती हरला तरी समोरच्याच्या पाठीवर थाप टाकूनच आखाडा सोडायचा.

पण पैलवानाचं वय बैलापेक्षा लवकर उतरतं. अठ्ठावीस उलटल्यावर मिसरूड न फुटलेली पोरं त्याला चितपट करू लागली. तासगावात जिम चालवणाऱ्या जयराजनं हे हेरलं. "पैलवान, बदामानं आता काय होत न्हाई. ही सुई घ्या. दोन म्हयन्यांत बुरूज होतोय का न्हाई बघा." सुई कसली ते मल्हारनं विचारलं नाही. दंड फुगले, मान खांद्यात गेली, लोक वळून बघू लागले. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिला फोड खांद्यावर आला, मग पाठभर, छातीवर, जबड्याच्या कडेनं चेहऱ्यावर.

आता फोड एकाच्या अंगावर आणि औषध साऱ्या गावाच्या तोंडात. आकाराम म्हणाला, बदाम उष्ण पडले, सब्जा पी. शेजारच्या लीलाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मेडिकलवाल्यानं विचारपूस न करता गोरेपणाची ट्यूब दिली. तिनं आठ दिवस चेहरा असा उजळला की मल्हारनं आरशात शीळ घातली. मग दुपटीनं फोड आले आणि उन्हात गेलं की गाल तव्यासारखे तापायला लागले. जयराज म्हणाला, "बॉडी बनताना घान भायेर पडतेच." मल्हारनं स्वतःचा इलाज स्वतःच काढला. टाच घासायची वजरी घ्यायची आणि मोरीत पाठ, गाल, जबडा सोलून काढायचा. मोरीचं पाणी तांबडं होऊन वाहायचं.

आणि राग. एसटी थांबवली नाही म्हणून पुढच्या फाट्यावर गाठून त्यानं ड्रायव्हरच्या कानाखाली जाळ काढला. मोटरसायकल किक घेईना तर दगडानं तिचा दिवा फोडला. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट भिरकावलं, ते त्याच्या बायकोच्या, सृष्टीच्या, कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलं. सृष्टीनं भिंतीवरची आमटी पुसली, बॅग भरली आणि सासूला म्हणाली, "आत्या, मी कोरेगावला माहेरी चालले. पुढचं ताट चुकंल याची मला खात्री न्हाई." हरणाबाई तिला फाट्यापर्यंत सोडून आली.

लेकावर राग होता, पण त्याची पाठ तिला बघवेना. मेंढरांच्या जखमा धुण्यात तिचा जन्म गेला होता. तिला एवढंच ठाऊक, की मेंढराला जे लागू पडतं ते माणसालाही पडतं. एका दुपारी तिनं कडुलिंबाचा पाला हळद घालून वाटला आणि मल्हारला ओसरीवर पाठमोरा बसवला. लेप झोंबत होता. तो दातओठ खात होता. मानेखाली एक मोठा फोड तटतटला होता. मेंढराच्या कानातला गोचीड चिमटीत धरून ओढावा तसा हरणाबाईनं तो चिमटीत धरला आणि दाबला.

मल्हार वळला तो कोपरासकट. मागं कोण आहे हे त्याला कळलं होतं. ते कळूनही कोपर थांबलं नाही. घाव तिच्या छातीत बसला, म्हातारी ओसरीवरून खाली उडाली, दगडी पायरीवर हात टेकायला गेली आणि हात मनगटातून वाकडा झाला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. लेपाची वाटी गडगडत परड्यात गेली. आकाराम बागेतून धावत आला, खुंटाळ्यावरची कुऱ्हाड घेऊन, आणि पोराच्या आडवा तिच्यासमोर उभा राहिला. "आता ये," म्हणाला. "आता ये म्होरं."

मल्हार पुढं गेला नाही. आईला उचलायला वाकला, तर तिनं चांगला हात तोंडावर आडवा धरला. मार चुकवायला धरतात तसा.

तासगावच्या दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. हरणाबाई बाहेर येताच समोरच्या दारात घुसली. तिथं कातडीच्या डॉक्टर बसत, संयोगिताबाई.

"बाई, ह्येच्या पाठीचं बघा आदी. माजं काय, मी पायरीवर पडले."

शर्ट पाठीला चिकटला होता. डॉक्टरांनी ओल्या कापसानं तो सोडवून काढेपर्यंत हरणाबाईनं बदामापासून नजरेपर्यंत आणि ट्यूबपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"सोळाव्या-सतराव्या वर्षी आले होते असे?"

"न्हाई. तवा गाल कसा गुळगुळीत हुता," हरणाबाई म्हणाली.

"इंजेक्शन कधी सुरू केलंत?"

"कसलं इंजेक्शन?" मल्हारनं विचारलं.

डॉक्टर हात धूत म्हणाल्या, "तिशीत मुरमं येणं नवीन नाही, मल्हारराव. कुणाला पाळीच्या तक्रारींनी येतात, कुणाला कामावरच्या तेला-ग्रीसनं, कुणाला असल्या ट्यूबांनी. कातडीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. अंगात पुरुषी हार्मोन वाढले की त्या जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू माजतात, सूज येते. बदामाचा आणि नजरेचा यात काही संबंध नाही. पण पैलवानाच्या पाठ, खांदे, दंडावर अचानक आणि सगळे एकदम आले, की मी आधी सुईचं विचारते, कारण तिच्यात हेच हार्मोन असतात." "राग फार येतो का?"

मल्हारनं आईकडं बघितलं.

"पायरीवर पडले म्हनलं की मी," हरणाबाई घाईनं म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी मारलं तिला," मल्हार म्हणाला. मग, "म्हंजी ते सुईनं केलं म्हनायचं का?"

"राग काहींचा वाढतो त्यानं. हात मात्र तुमचाच होता."

सुई बंद, हे पहिलं औषध. ट्यूब बंद, जिमची डब्यातली प्रोटीन पावडर बंद, तेलाची मालीश बंद, वजरी तर फेकूनच द्यायची. फोड फोडायचा नाही, त्यानं पू आत पसरतो आणि खड्डे राहतात. तालमीतून आलं की लगेच अंघोळ, टॉवेल स्वतःचा वेगळा. पाठीला औषधी साबण, चेहऱ्याला रात्री मसुराच्या दाण्याएवढं मलम, काही आठवडे गोळ्या. रक्त तपासून मग कॅप्सूल, तीही थोडीथोडी, कारण असल्या पाठीवर ती एकदम दिली तर आगीत तेल पडतं. "आणि फिजिशियनना दाखवा. तुमच्या अंगानं स्वतःचे हार्मोन बनवणं थांबवलंय. ते सुरू होईपर्यंत ताकद उतरेल, मन खचेल. तेव्हा एकटं राहू नका. फरक दिसायला तीन महिने धरा."

"कुंडलचं मैदान त्याच्याआदी हाय, बाई."

"मग हराल," डॉक्टर म्हणाल्या.

घरी जयराज येऊन बसला होता, सोबत ज्ञानू वस्ताद. कुंडलच्या मैदानाच्या फ्लेक्सवर मल्हारचा फोटो लागला होता, समोर पलूसकडचा राजवर्धन, बावीस वर्षांचा, वळूसारखा.

"मैदानापातूर एवडी एकच," जयराज म्हणाला. "मग कर की बंद."

मल्हारनं त्याची गचांडी धरून त्याला भिंतीला लावलं. जयराजचे पाय जमिनीवरून सुटले, डोळे बाहेर आले. आतल्या खोलीत भांडं पडलं. मल्हारनं मान वळवली. दारात हरणाबाई प्लास्टरचा हात पोटाशी धरून, अंग चोरून उभी होती. त्यानं जयराजला खाली ठेवलं, त्याची कॉलर नीट केली आणि हात जोडून वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, लढतो मी. पर सुई न्हाई."

पुढचे दिवस वाईट होते. फोड आधी वाढले, मग चिघळले. चादर सकाळी पाठीला चिकटून उठायची. दंड ओसरले. भर दुपारी तो परड्यात बसून कारण नसताना रडायचा, आणि पैलवान रडतोय हे बघून मेंढरंसुद्धा चरायची थांबतात असं आकाराम लीलाबाईला सांगायचा. पण म्हातारा कुऱ्हाड खुंटाळ्यावर ठेवून त्याच्या शेजारी बसून राहायचा. साईराज गळ्यात हात अडकवून आला, शिव्या घातल्या, चहा प्याला, पुन्हा शिव्या घालून गेला. हरणाबाई जेवायला वाढायची ती ताट लांबून सरकवून. मल्हारनं पाण्याच्या तांब्याला हात घातला तरी ती दचकायची. पाठ बरी होईल असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ह्या दचकण्यावर त्यांनी काही दिलं नव्हतं.

कुंडलच्या मैदानात हलगी वाजत होती. मल्हारनं शर्ट काढला तशी गर्दीतून शिट्टी आली, "आरं, शेणी लावल्यात का पाठीवर?" राजवर्धननं सलामीलाच मानेवर असा तडाखा हाणला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसरा तडाखा, तिसरा. मल्हारनं पट काढायला त्याच्या पायांना हात घातला, तर अंगात जोरच नाही, भिजलेलं पोतं ओढावं तसं. राजवर्धनचं डोकं त्याच्या तोंडावर आदळलं. रक्ताची चूळ मातीत पडली. मग पोरानं ढाकेचा डाव मारला आणि मल्हार पाठीवर आपटला, उरल्यासुरल्या फोडांसकट. मैदानात एकच गलका उठला.

तो उठला. राजवर्धन हात वर करून नाचत होता. मल्हार त्याच्याकडं चालत गेला तेव्हा पंच मधे धावला, कारण मल्हारच्या रागाची कीर्ती पसरली होती. मल्हारनं पोराच्या पाठीवर थाप टाकली. "ढाक बेस मारलीस रं," म्हणाला. 'स'चा उच्चार नीट येईना, पुढचा दात गेला होता.

घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं. हरणाबाई परड्यात बसली होती. मल्हार दूरच थांबला, हात मागं बांधून, जसा हल्ली तिच्यासमोर उभा राहायचा. शर्टाच्या पुढच्या भागावर रक्त वाळलं होतं.

"पडलास?"

"पडलो."

"कितक्यात?"

"हलगी तापायच्या आत."

हरणाबाई उठली. थेट त्याच्याजवळ आली, चांगल्या हातानं त्याचा जबडा धरला आणि अंगठ्यानं ओठ वर करून उजेडाकडं वळवला, बाजारात मेंढरू घेताना बघतात तसा. फोड तिच्या बोटाखाली दुखत होते. मल्हार हालला नाही.

"एक गेलाय, दुसरा हालतोय," ती म्हणाली. "एवड्यात इकायला काडला तर कोन घेनार न्हाई तुला. चल, मिठाचं पानी करते. आन् कोरेगावला सृष्टीला फोन लाव. मी बोलते आदी, मग तू बोल. शिट्टी वाजतीया तुज्या बोलन्यातनं, पोरगी हसत हसत तरी ऐकंल."