तंत्रस्नेही बाईंची चौकशी समिती

तालुक्याच्या कार्यक्रमात मला ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा माझी नववीतली लेक तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. मग मला दोन शब्द बोलायला लावलं. मी माइक हातात घेऊन सांगितलं, “जिद्द असली की पंचेचाळिशीतही संगणक शिकता येतो.” तोवर मला संगणक नीट बंदसुद्धा करता येत नव्हता. मी फक्त पडद्याचं बटण दाबायचे आणि झाला बंद असं समजून घरी जायचे.

मी जुन्या जालन्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. संगणकाचा चार्ज माझ्याकडे आला तो एका बैठकीमुळे. वरून आलेलं एक पत्र कुणाच्याच मोबाइलमध्ये उघडेना. माझ्यात उघडलं, कारण लेकीने आदल्या दिवशीच त्यात काहीतरी टाकून ठेवलं होतं. मुख्याध्यापक सर म्हणाले, “मॅडम, तुम्हाला येतं की बराबर!” नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सगळे कौतुकाने बघत होते. मी तोंड मिटलं.

त्यानंतर विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, हजेरी, पालकांना जाणारे शाळेचे मेसेज, सगळं माझ्या नावावर आलं. आणि घरी, मस्तगड भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, ते लेक करायची. शाळेतून आलं की मी चहा ठेवायचे, ती माझा मोबाइल घेऊन बसायची. पासवर्ड तिनेच ठेवला होता, तिचं नाव आणि तिच्या जन्माचं वर्ष. मला तो पाठ होता याचाही मला अभिमान होता. ती आमच्याच शाळेत शिकत होती, म्हणजे स्वतःच्या वर्गाची माहितीसुद्धा तीच भरायची. यात काही गैर आहे असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. उलट नवऱ्याला मी म्हणायचे, “बघा, पोरीला कामाची सवय लागून राह्यली.”

एका सकाळी आम्ही दोघी स्कूटीवरून शाळेत पोचलो तर मैदान रिकामं. गेटजवळ पाच-सात पोरं उभी, बाकी कुणी नाही. मागून लेक उतरली, इकडे तिकडे बघून म्हणाली, “मम्मी, पोरं कुठं गेले सगळे?”

थोड्या वेळात कळलं. आदल्या संध्याकाळी शाळेच्या मेसेजमधून सगळ्या पालकांना निरोप गेला होता, ‘अपरिहार्य कारणास्तव उद्या शाळेला सुट्टी राहील. – मुख्याध्यापक’ मेसेज फक्त पालकांना जातो, त्यामुळे शिक्षक सगळे हजर. मीही पालकच, पण माझा मोबाइल नेहमीप्रमाणे लेकीकडे होता.

सरांनी तातडीची बैठक घेतली. तो मेसेज त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “ऱ्हस्व-दीर्घ बराबर आहे. कुणीतरी शिकलेल्याचं काम आहे.” ‘अपरिहार्य’ हा शब्द मी त्याच महिन्यात नववीला शुद्धलेखनात घातला होता. तो फळ्यावर लिहिताना खडू मोडला होता, हेही मला आठवलं. पुढचं काही सुचलं नाही.

सरांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी.

मी उभी राहून बोलले. आता आठवलं तरी कान गरम होतात. “सर, हे हॅकिंगचं प्रकरण दिसतंय. हॅकर कुठंही बसलेला असतो, दुसऱ्या देशातसुद्धा.” विज्ञानाच्या सरांनी विचारलं, “दुसऱ्या देशातल्या माणसाला आपल्या शाळेच्या सुट्टीशी काय घेणं?” मी म्हणाले, “तेच तर शोधायचंय.”

घरी येऊन मी लेकीलाच विचारलं, अशा वेळी समितीने काय करायचं असतं. तिने मान वर न करता सांगितलं, “सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांग.” दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं. शिक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि काहींनी त्याखालीच आपले नवे पासवर्डही लिहिले.

मेसेजची सोय ज्या कंपनीकडून घेतली होती तिथे मी मधल्या सुट्टीत फोन लावला. पलीकडच्या मुलीने माहिती काढली आणि म्हणाली, “मॅडम, तुमच्याच आयडीवरून गेलाय. संध्याकाळी सहा चाळीसला.”

“शक्यच न्हाई. तेव्हा मी पोळ्या लाटत होते.”

“मग मोबाइल कुणाकडे होता?”

मी फोन ठेवला. मोबाइल कुणाकडे होता हे मला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तिने मला विचारलंही होतं, “मम्मी, पाठवू का?” मी हजेरीचं समजून म्हणाले होते, “पाठव की.” म्हणजे रीतसर परवानगीसुद्धा माझीच होती.

सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, “कंपनीवाले शोध घेत आहेत.” इतकं सफाईदार खोटं मी नोकरीत कधी बोलले नव्हते. रोज फळ्यावर सुविचार लिहिणारी बाई.

दोन दिवस मी गप्प राहिले. लेकीलाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी संशय आमच्या ऑफिसातल्या बाबूंवर गेला, कारण ऑफिसचा संगणक त्यांच्या टेबलावर असतो. सरांनी त्यांना दार लावून झापलं. ते बाहेर आले ते थेट माझ्याकडे. रिटायर व्हायला आलेला माणूस, चष्मा हातात धरलेला.

“मॅडम, तुम्ही समितीच्या अध्यक्ष. तुम्ही तरी सांगा सरला. मला आलेला मेसेज मोठा करून वाचता येत न्हाई, मंग मी पाठवणार कुठून?”

मी म्हणाले, “सांगते.” पण त्यांच्याकडे बघता येईना. मी टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या करत राहिले.

घरी आले. चहा ठेवला नाही. लेक मोबाइल मागायला आली तेव्हा विचारलं, “सुट्टीचा मेसेज तू पाठवला?”

ती आधी म्हणाली, “कोणता?” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “हो.”

“का?”

“बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“खरंच सुट्टी होते का.”

मला वाटलं होतं गणिताची चाचणी असेल, मैत्रिणीची पैज असेल. काहीतरी रागवण्यासारखं. हे ऐकून मी मोठमोठ्याने बोलायला लागले. विश्वास, संस्कार, शाळेची अब्रू, आईची अब्रू, जे सुचेल ते. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “माझंच काम तुझ्या नावावर चालतं, मम्मी. मंग मला वाटलं, सरांच्या नावावर बी चालतं का बघावं.” बोलून झाल्यावर तीच घाबरली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी तिला मारलं नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. हात उचलला असता तर आधी कुणाला मारायचं, तेच कळत नव्हतं. तिचे बाबा दारातून म्हणाले, “तुम्हा दोघींना सरांकडं जावं लागेल.” आणि बाहेर निघून गेले. त्यांचं म्हणणं मला फार लागलं, कारण त्यात ‘दोघींना’ होतं.

सकाळी सरांच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. लेकीने स्वतः सांगितलं, अडखळत पण पूर्ण. मग मी सांगितलं की पहिल्या दिवसापासून सगळं काम हिनेच केलंय, आणि दोन दिवस मला माहीत असून मी खोटं बोलले. सरांनी पेपरवेट फिरवून बाजूला ठेवला.

“मॅडम, चार्ज तुमच्याकडून काढावा लागेल. पण देऊ कुणाला? दुसऱ्या कुणाला येत न्हाई.”

“सर, मलाही येत नाही.”

त्यांना हसू आलं असावं, त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग मात्र ते लेकीशी सरळ बोलले. शाळेतून काढणार नाही, म्हणाले, पण जो मेसेज एका बटणावर गेला, त्याची माफी बटणावर मागायची नाही. प्रत्येक वर्गात उभं राहून मागायची. बाबूंची आधी. आणि एक बाई तक्रार घेऊन आल्या होत्या, त्यांच्याकडे जायचं. आईला घेऊन.

बाबूंनी माफी ऐकून घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तिलाच विचारलं, “बेटा, ते अक्षर मोठं कसं करायचं गं?”

त्या बाई बियाण्याच्या गोदामात निवडणीच्या कामाला जायच्या. त्यांची मुलगी आमच्याकडे तिसरीत. सुट्टीचा मेसेज आल्यावर पोरीला एकटं कुठं ठेवायचं म्हणून त्या घरी राहिल्या, आणि मुकादमाने त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली. लेकीने त्यांच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

“म्हंजे सुट्टी नव्हतीच?”

“न्हाई, काकू.”

“मंग माफी मला कशाला मागता? मुकादमाला सांगायला चला.”

आम्ही गेलो. गोदामात धूळ इतकी की मला शिंकांवर शिंका. बायका सुपं थांबवून बघायला लागल्या. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, “त्याचं असं झालं, की शाळेच्या संदेशप्रणालीमधून…” मुकादम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लेक मध्येच म्हणाली, “काका, यांची चूक न्हाई. सुट्टीचा मेसेज खोटा होता. मी पाठवला होता.”

मुकादमाला तेवढं बरोबर कळलं. तो म्हणाला, “पोरी, तू सुट्टी देती? आम्हाला बी दे की एखादी!” सगळ्या बायका हसल्या. लेक हसली नाही. ती तशीच उभी राहिली, तो हो म्हणेपर्यंत. शेवटी तो त्या बाईंना म्हणाला, “सोमवारी या.”

परत येताना ती स्कूटीवर माझ्यामागे बसून केसांतली धूळ झटकत होती. मला वाटत होतं आपण काहीतरी चांगलं वाक्य बोलावं, आईने अशा वेळी बोलावं असं. ते घरापर्यंत सुचलं नाही.

आता ती अकरावीत आहे. कॉलेजात संगणक हा विषय घेतलाय. माझा मोबाइल माझ्याकडेच असतो, पासवर्ड मी बदलला. दोनदा विसरले, दोन्ही वेळा बाबूंसमोर मान्य केलं. चार्ज शेवटी माझ्याकडेच राहिला, पण ऑनलाइन माहिती आता मी स्वतः भरते. जे काम ती चहा उकळेपर्यंत करायची, त्याला मला रविवार लागतो. मागे मी सहावीचा अख्खा वर्ग मुलींच्या रकान्यात टाकला आणि शाळेला मुलींची संख्या वाढल्याबद्दल अभिनंदनाचं पत्र येता येता राहिलं.

मी भरत असते तेव्हा लेक कधी कधी शेजारी येऊन बसते. मी चुकीच्या जागी बोट नेलं की तिला दिसतं. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून धरते, ओठ आवळते, आणि अगदीच राहवलं नाही तर म्हणते, “मम्मी, खाली बघ. अजून खाली. उजव्या हाताला.”

“उजवा कोणता? माझा का मोबाइलचा?” मी विचारते.

ती उठून पाणी प्यायला जाते.