बॅटरी मरते जमिनीवर

माझी आणि तायडे मॅडमची पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्या ड्रोनमधली बॅटरी काढून घेतली आणि लॉनच्या गेटजवळ ठेवलेल्या वाळूच्या बादलीत पुरून टाकली. अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या एका लॉनमध्ये त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मी तेव्हा एका फोटो स्टुडिओत कामाला होतो आणि वरातीचं वरून शूटिंग करायला आलो होतो. बँडचा आवाज जवळ येत चालला होता. मी ड्रोन उघडून बसलो होतो, तेवढ्यात जांभळ्या काठपदराच्या साडीतल्या, उंच, पन्नाशीच्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“बॅटरी दाखव बरं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंना हौस असेल. मी काढून दिली. त्यांनी ती सरबताच्या टेबलावर आडवी ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. बॅटरी डुगडुगली.

“पाह्य, पोट फुगलं इचं. आतमंदी गॅस झाला. ही उडणार नाही.”

“मॅडम, काल तर चांगली उडाली.”

“काल उडाली म्हणून आजही उडंन, असं कोणं सांगतलं तुले?”

एवढं बोलून त्या बॅटरी घेऊन वाळूच्या बादलीकडे निघाल्या. नवरदेवाचे काका धावत आले. वरातीचा ड्रोन शॉट त्यांना हवाच होता. मॅडम त्यांना शांतपणे म्हणाल्या, “व्हिडिओ खालून घ्या. हे वरून पडलं त फेट्यात पडंन कोणाच्या तरी. मंग तोच व्हिडिओ पाह्यत बसा जलमभर.” काका वरातीकडे परत गेले. नंतर मॅडमनी मला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं, माझ्या ताटात स्वतः जिलबी वाढली आणि बॅटरीबद्दल मला काय काय माहीत आहे ते विचारलं. चार्जरला लावायची, हिरवा दिवा लागला की काढायची, एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या मालकानं मला कामावरून काढलं. वरातीचा शॉट मिळाला नाही, एवढंच त्याच्यापुरतं खरं होतं. मॅडम अकोल्याच्या, एवढं पंगतीत कळलं होतं. मी तडक अकोल्याची बस धरली आणि मॅडमचा पत्ता विचारत विचारत त्यांच्या दारात पोहोचलो. भांडायला गेलो होतो. त्यांनी मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “बॅटरी काढली थे बरोबर केलं. पण तुहं काम माह्यामुळं गेलं, हेही खरं हाय. सोमवारपासून इथी ये.”

‘इथी’ म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. मॅडम आधी एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मुलं येईनाशी झाली, कॉलेज बंद पडलं. तेव्हा बरोबरीच्या लोकांनी दुसऱ्या गावी नोकऱ्या शोधल्या आणि मॅडमनी ड्रोन चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. फवारणीचे मोठे ड्रोन दुरुस्त करायचे, शेतकऱ्यांच्या शेतात फवारणी करून द्यायची आणि शिकायला येतील त्यांना शिकवायचं, असा त्यांचा उद्योग होता. यजमान लवकर गेले होते, मुलगी नागपूरला डॉक्टर होती. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलत, शेतात वऱ्हाडी, आणि ड्रोनशी दोन्ही.

त्यांचे वडील बडनेऱ्याला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. त्यांचं एक वाक्य मॅडम आम्हाला दर आठवड्याला ऐकवत: “लाल दिसला का थांबाचं. काहून लाल हाय, हे थांबल्यावर इचाराचं.” वाक्य साधं होतं. त्याचा अर्थ मला दर्यापूरजवळच्या एका हरभऱ्याच्या शेतात कळला.

डिसेंबरची थंडी होती. हरभऱ्यावर घाटेअळी पडली होती आणि शेतमालकांना, वानखडे काकांना, सकाळीच फवारणी हवी होती. मॅडमनी मात्र आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोधडी अंथरली, बॅटऱ्या त्यावर मांडल्या आणि त्यांना ऊन दाखवत बसल्या. थंडीनं गारठलेली बॅटरी पूर्ण भरलेली दिसते, पण पंख्यांनी एकदम जोर मागितला की तिचा दम तुटतो, हे त्यांनी काकांनाही समजावलं.

“म्हणजे अंड्यावर कोंबडी बसवल्यावानी झालं हे,” काका म्हणाले.

“तसंच समजा. घाईनं अंडं फोडलं त पिल्लू निंघत नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

ऊन चढल्यावर मी उडवायला सुरुवात केली. पहिल्या दोन बॅटऱ्या छान गेल्या. तिसरीवर ड्रोन शेताच्या पलीकडच्या टोकाला असताना रिमोटवर लाल इशारा आला. पडद्यावर बॅटरी अजून निम्म्याहून जास्त दिसत होती, पण व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, धाडकन खाली आला होता. मी ड्रोन आमच्याकडे वळवला. वाटेत, कडुलिंबाच्या सावलीत, शेतात काम करणाऱ्या बाया भाकरी खायला बसल्या होत्या.

“उतरव,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, गाडीपर्यंत येतो तो. अर्धी बॅटरी दाखवते.”

“आकडा गोड बोलते, नितीन. जिथी हाय तिथी उतरव.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या आवाजापुढे वाद नव्हता. मी उभ्या पिकात ड्रोन खाली घेतला. जमीन माणसाच्या उंचीभर राहिली असेल, तेवढ्यात पंख्यांचा आवाज बसला आणि ड्रोन दगडासारखा आदळला. एक पाय मोडला, औषधाची टाकी फुटली, हरभऱ्याचा चांगला मोठा तुकडा खराब झाला. मी लिंबाकडे पाहिलं. बाया घास हातात धरून आमच्याकडे बघत होत्या. मी हट्टानं ड्रोन आणत राहिलो असतो, तर तो नेमका त्यांच्या डोक्यावर असता.

वानखडे काका तापले. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “काका, नुकसान आमच्याकडून झालं. भरून देऊ. बाया सलामत हायेत, माह्या पोट्ट्यानं ऐकलं, आज एवढं पुरे.” काकांनी एकदा लिंबाकडे पाहिलं आणि मग आम्हाला चहा पाजूनच सोडलं.

अकोल्याला येऊन मॅडमनी ती बॅटरी तपासली. आतल्या सेलपैकी एकच मेला होता. त्या म्हणाल्या, “औताले बैलं कितीबी जुंपा. एक खाली बसला का बाकीचे वढत नाहीत, अडखळतात.” पण तो सेल का मेला, याचा शोध त्या दोन दिवस घेत होत्या. मग एका सकाळी त्यांनी शिकणाऱ्या सगळ्यांना बोलावलं, ती बॅटरी टेबलावर ठेवली आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, “ही मी मारली.” दिवाळीच्या आधी एका कामासाठी त्यांनी बॅटऱ्या पूर्ण भरल्या होत्या. काम रद्द झालं, त्या मुलीकडे नागपूरला गेल्या आणि बॅटऱ्या तशाच भरलेल्या पडून राहिल्या. खरं तर त्या निम्म्यावर आणून ठेवायला हव्या होत्या. मॅडम हे दुसऱ्यावर सहज ढकलू शकल्या असत्या. खोलीत कोणालाच कळलं नसतं.

“ध्यानात ठेवा,” त्या म्हणाल्या, “बॅटरी मरते जमिनीवर. हवेत फक्त बातमी येते.”

मी त्या दिवशी त्यांना मनातून गुरू मानलं. त्याआधी त्या माझ्यासाठी फक्त हुशार होत्या.

आता त्या दुपारबद्दल सांगतो, ज्या दुपारी मॅडम नसत्या, तर मी हे लिहायला जिवंत नसतो. आम्ही फवारणी आटोपून दर्यापूरहून अकोल्याला परतत होतो. व्हॅन मॅडम चालवत होत्या. मागे सीट नव्हत्या. तिथे आमचा ड्रोन, बॅटऱ्यांची पेटी, शेतात चार्जिंग करायला लागणारं जनरेटर आणि त्याचा पेट्रोलचा डबा असायचा. त्या दिवशी एक खोकंही होतं. दुसऱ्या एका फवारणीवाल्याचा ड्रोन बाभळीवर आदळून पडला होता, तो त्यानं दुरुस्तीला दिला होता. बॅटरी काढून घेतली का, असं मॅडमनी त्याला विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता. ती आतच होती. मी त्या खोक्याला टेकून गाढ झोपलो होतो.

मॅडमना वास आला. नेलपॉलिशसारखा, गोडसर. व्हॅनमध्ये नेलपॉलिश लावणारं कोणी नव्हतं. बॅटरी आतून फुटली की असाच वास येतो. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरून मागचं दार उघडलं आणि माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलं. मी डांबरावर पडलो तेव्हा जागा झालो. खोक्यातून पांढरा धूर निघत होता.

“लांब पय!” त्या ओरडल्या. त्यांना ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

मी पळालो. मला वाटलं, त्याही मागून येतील. वळून पाहिलं तर त्या खोकं बाहेर ओढत होत्या. शेजारीच पेट्रोलचा डबा होता आणि थोड्याच अंतरावर रस्त्याकडेला रसवंती होती. तिथे लेकरांना घेऊन माणसं बसली होती. खोकं दाराबाहेर आलं आणि फुत्कारून पेटलं. मॅडमनी ते रस्त्याकडेच्या खड्ड्यात लोटलं. त्यांचा डावा हात मनगटापर्यंत भाजला होता. रसवंतीवाल्यानं पाण्याची घागर आणली, मी हातावर पाणी ओतत राहिलो. मग मी व्हॅन दवाखान्यापर्यंत कशी चालवली, ते मला नीट आठवत नाही.

दवाखान्यात मला रडू आवरेना. मॅडम पट्टी बांधलेला हात छातीशी धरून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रडून काहून राहिला? माहा हात जळला, तुहा नाही.”

“मॅडम, तुम्ही मला आधी काढलं.”

“मंग काय खोक्याले आधी काढू? तू जाग्यावरून हालत नव्हता. खोकं तुह्या मांगं होतं.”

त्यांनी ते असं सांगितलं, की जणू काही सामान कोणत्या क्रमानं उतरवायचं एवढाच प्रश्न होता. माझी आई त्यांना भेटायला आली. ती नुसती त्यांच्या पायाशी बसून राहिली. मॅडमनी तिला पलंगावर वर बसवलं आणि विचारलं, “याले लहानपणापासून अशीच झोप हाय काय?” आई रडता रडता हसली.

हात बरा झाला, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाकेना. रिमोटची डावी दांडी त्यांच्या हातून सुटायची. त्यांनी काही दिवस एकट्यानं प्रयत्न केला, मग रिमोट माझ्याकडे दिला आणि पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत. शिकवणं मात्र वाढवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलंमुली आज दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर भागात फवारणी करतात. आदळलेली बॅटरी, ती बाहेरून कितीही धड दिसो, त्यांच्यापैकी कोणीही गाडीत घेत नाही. आपलं आयुष्य कोणामुळे सलामत आहे, हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. मला माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात मुलीनं फार आग्रह केला आणि मॅडम नागपूरला राहायला निघाल्या. खोल्या, अवजारं, वर्ग, सगळं त्यांनी माझ्या हवाली केलं. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना एका सोयाबीनच्या शेतात घेऊन गेलो. टाकीत नुसतं पाणी भरलं होतं. मी रिमोट त्यांच्यापुढे धरला.

“माह्यानं डावी दांडी होत नाही, तुले मालूम हाय,” त्या म्हणाल्या.

“डावी माझ्याकडे. उजवी तुम्ही घ्या.”

डाव्या दांडीनं ड्रोन वर-खाली होतो, उजवीनं पुढं-मागं जातो. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, रिमोट दोघांच्या मधे. मी ड्रोन वर घेतला. त्यांचा अंगठा सावकाश पुढे सरकला आणि हिरव्यागार ओळींवरून ड्रोन निघाला, इतका सरळ, की माझ्यानं तसा कधी गेला नाही. पलीकडच्या धुऱ्यावरून त्यांनी तो तसाच सरळ मागे आणला. त्या हसत होत्या, पण डोळे ड्रोनवर होते.  इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं, ते आता बोलावं असं वाटलं.

“मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला...”

“बोलू नको,” त्या म्हणाल्या. “उंची सांभाळ.”

मी उंची सांभाळली.