बडे बाबू आणि कम्प्युटरचा आदेश

आमच्या शाळेचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, कम्प्युटरला लेखी उत्तर देत असत. पडद्यावर काही संदेश आला की ते लांबचा चष्मा काढून जवळचा लावायचे, संदेश अक्षर न अक्षर आवक रजिस्टरात उतरवायचे, त्याला क्रमांक द्यायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "ऑपरेटर मॅडम, वरून आलेलं आहे. पालन करा." प्रिंटरमधला कागद संपल्याचा संदेशसुद्धा क्रमांक घेतल्याशिवाय पुढे सरकत नसे. कागद घातला की जावक रजिस्टरात सरकारी हिंदीत ओळ पडायची, 'पालन किया गया.' हे उत्तर पाठवायचं कोणाला, असं मी एकदाच विचारलं. "ज्यानं इचारलं त्याले," असं म्हणून बाबूंनी मशीनकडे बोट केलं.

राज्याच्या सीमेपलीकडच्या, घरी मराठी आणि ऑफिसात हिंदी चालणाऱ्या सौंसरची ती मुलींची शाळा. मी तिथेच बारावीपर्यंत शिकले आणि पुढे तिथेच कंत्राटी ऑपरेटर म्हणून चिकटले. त्यामुळे माझ्याशी बोलायच्या बाबूंच्या दोन तऱ्हा होत्या. फाटकाबाहेर टपरीवर भेटले की "जेवली का वं पोरी?" आणि त्याच पोरीने पाच मिनिटांनी ऑफिसात पाय ठेवला की "मॅडम, आपली सही पाच मिनिटं उशिरा झाली." बाहेर पाजलेला चहा त्यांना आत आठवत नसे.

या नियमाच्या माणसाचं एकच काम बिननियमाचं होतं. दर वर्षी बारावीच्या मुली शेवटच्या दिवशी निघाल्या की बाबू त्यांना फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली एकेक करून उभं करायचे आणि फोटो काढायचे. पाय जुळवायचे, हात खाली. "हासा नाई तं नका हासू, त्याचा काई जी.आर. नाई." मग ड्युटी असल्यासारखे सुट्टीतही येऊन प्रत्येक फोटोखाली नाव, बापाचं नाव, गाव टाइप करायचे. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बारावीनंतर पोरी कुठं जातीन कोन जाने. कुठंतरी रेकॉर्ड पाह्यजे का नाई?" आणि मुली यायच्याही. लेकरू कडेवर घेऊन दाखल्याच्या निमित्ताने यायच्या आणि इकडेतिकडे पाहत हळूच विचारायच्या, "बाबूजी, माहा फोटो आहे का?" बाबू दोन मिनिटांत काढून दाखवायचे. प्रत मात्र कोणालाच नाही. शाळेतली चीज शाळेबाहेर जात नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या बिननियमी कामालाही लावला होता. म्हणून ते फोटो जगात एकाच ठिकाणी होते, आमच्या त्या घरघरणाऱ्या मशीनमध्ये.

तो दिवस परीक्षेचे फॉर्म जमा करायचा शेवटचा. सहा वाजता ऑनलाइन खिडकी बंद होणार होती. एकतीस मुलींचे फॉर्म भरून तयार, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी, आणि दुपारी चारला ते पान उघडेचना. आधी अपडेट करा, म्हणे. अपडेट लावलं तर पाच मिनिटं फिरून लाल चौकट आली, 'अपडेट विफल. पर्याप्त स्थान नहीं है. फ़ाइलें हटाकर पुनः प्रयास करें.' बाबूंनी चष्मा बदलला, क्रमांक टाकला आणि म्हणाले, "जागा मागून राह्यले. द्या."

मी म्हटलं, बाजारातल्या ऑनलाइनवाल्याकडे जाऊन करते. "शाळेचा पासवर्ड बाजारात?" बाबूंचा चेहरा असा झाला की मी विषय सोडला. मग आम्ही जागा शोधायला बसलो. पिण्याच्या पाण्याच्या माठांना झाकण असावं, हे पंधरा वर्षांपूर्वीचं परिपत्रक होतं. "शासकीय आहे. राहू द्या." बंद पडलेल्या योजनेचे तक्ते होते. "शासकीय आहे." रामाकोन्याच्या शिबिराला कोणी किती केळी खाल्ली त्याची यादी होती. त्यावरही शिक्का होता, तीही राहिली. असं करत करत संपूर्ण मशीनमध्ये बिगरशासकीय एकच गोष्ट उरली आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसलो.

"बाबूजी, हे नको," मी म्हटलं. "माठाचं परिपत्रक काढू ना."

"मॅडम, सव्वापाच झाले." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "एकतीस पोरीचं वर्ष जाईन. ह्या तं पास होऊन गेल्या."

एरवी ते माऊसला हात लावत नसत. त्या दिवशी आवक क्रमांक पुन्हा एकदा तपासून त्यांनी स्वतः फोटो पुसले. त्यानंतर मी जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. मी म्हटलं, "कचरापेटी पण रिकामी करावी लागते बाबूजी, नाही तर जागा होत नाही." तेही त्यांनी केलं.

पुन्हा अपडेट लावलं. पाच मिनिटं फिरलं आणि लाल चौकट आली. पर्याप्त स्थान नहीं है.

"आत्ताच तं देली!" बाबू मशीनवर ओरडले. त्यांनी मशीनला तोंडी जाब विचारला तो तेवढा एकदाच.

आता वायरच काढून घालावी म्हणून मी टेबलाखाली शिरले. दर दसऱ्याला बाबू ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायचे आणि मशीनला लाल धागा गुंडाळायचे. वर्षानुवर्षांच्या त्या धाग्यांच्या गुंडाळीत, हळदीकुंकवाने माखलेला एक पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला खुपसलेला होता. पुजलेल्या वस्तूला हात कोण लावणार? मी तो उपटून काढला आणि अपडेट मुकाट्याने पुढे सरकलं. ते आपलं सामान ठेवायला जागा शोधत होतं ती मशीनमध्ये नव्हे, त्या पेन ड्राइव्हवर, आणि तो काठोकाठ भरलेला होता. संदेशात जागा कुठली हे लिहिलेलंच नव्हतं. सहाला सहा मिनिटं असताना एकतीस फॉर्म जमा झाले.

पेन ड्राइव्हमध्ये काय होतं? बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या मुलीच्या रिसेप्शनचं शूटिंग. "बडे बाबू, संभालकर रखना," म्हणून साहेब देऊन गेले होते, परत कधी आले नाहीत, आणि बाबूंनी ते शब्दशः सांभाळलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते लावून पाहिलं. तीन तास माणसं पाकीट घेऊन स्टेजवर चढतात. मध्येच एकदा खुद्द बडे बाबू चढतात, साहेब त्यांच्या हातातलं पाकीट घेतात आणि पाहतात मात्र त्यांच्या मागच्या माणसाकडे. बाबूंनी शेवटपर्यंत पाहिलं. मग कोरा कागद घेऊन मशीनच्या नावाने जावक क्रमांकासह पत्र लिहिलं, 'आपके संदेश में स्थान का उल्लेख नहीं था. भविष्य में पूर्ण जानकारी दी जाए,' आणि ते पडद्याच्या कडेला चिकटवलं. मला हसू आवरेना आणि रडूही.

पांढुर्ण्याच्या एका दुरुस्तीवाल्याने पुसलेले फोटो खणून काढून पाहिले. आले ते अर्धेमुर्धे आणि बिननावाचे. वर कडुलिंबाची पानं, खाली केस आणि कपाळ, आणि भुवयांपासून पुढे नुसता करडा रंग. बाबू त्या कपाळांसमोर पंधरा दिवस बसले. "हा वाकडा भांग लोधीखेड्याचा. हिची माय भांग असाच पाडते." असं करत त्यांनी भांगांवरून, रिबिनींवरून जवळजवळ सगळ्या मुलींची नावं एका लांब वहीत उतरवली. मी म्हटलं, झालं की मग. बाबू म्हणाले, "काय झालं? कपाळाचा रेकॉर्ड असते का कुठं?"

तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले आणि दर रविवारी मोपेडवर वही आणि मोबाइल घेऊन निघायला लागले. रामाकोना, लोधीखेडा, जामसावळीला दर्शनाला येणाऱ्या असतील तर मंदिराबाहेर. सापडेल त्या मुलीला हातातलं काम सोडायला लावून झाडाखाली उभी करायचे. कोणी शिवणाच्या मशीनवरून उठायची, कोणी किराण्याच्या गल्ल्यावरून. पाय जुळवायचे, हात खाली. कडुलिंब नसेल तर संत्र्याचं झाड चालवून घ्यायचे. सासरचे लोक आधी संशयाने बघायचे, मग तेच म्हणायचे, "आमचाही एक काढा ना जी." "तुमी आमच्या शाळेत होते का?" एवढं विचारून बाबू मोपेडला किक मारायचे.

तोवर मला पांढुर्ण्याला नोकरी लागली होती. बाबूंचा फोन आला, "मॅडम, तुमचा फोटो बाकी आहे. रविवारी येऊन राह्यलो." मी म्हटलं, या रविवारी नको बाबूजी, फार गडबड आहे. मग दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. मनात म्हणायचे, मी काय कुठे पळून चालले, पुढच्या वेळी काढू. चौथा फोन त्यांच्या मुलाचा आला. बाबू बुधवारी सकाळी गेले होते.

सौंसरला बाबूंच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी वही माझ्यापुढे ठेवली. "तुले दाखवाची होती म्हनत होते." पानामागून पान नावं आणि प्रत्येक नावापुढे 'पालन किया गया.' शेवटच्या पानावर माझं नाव होतं. त्याच्यापुढे तीन तारखा, एकाखाली एक, आणि तिन्हींपुढे बाबूंच्या त्या रेखीव अक्षरात एकच शेरा, 'संबंधित व्यस्त हैं. पुनः सूचित किया जाए.'

त्या तिन्ही रविवारी मी घरीच होते.